अक्षर नसलेला तुकडा

१

दगड फुटलेला पहिल्यांदा पाहिला युसरानं, पण किंचाळले मी.

शुक्रवार होता. दुपारची नमाज नुकतीच सुटली होती आणि पुरुषमंडळी मशिदीबाहेर आपापल्या चपला शोधत होती. आम्ही दोघी माझ्या घरून भरल्या द्राक्षपानांचं पातेलं घेऊन मुक्कामाच्या घरी आलो. गावाबाहेरची जुनी शाळा म्हणजे हे घर. उन्हाळ्यात टेकडीवर खोदकाम चालायचं तेव्हा प्रोफेसर लिंडगार्ड आणि त्यांची माणसं तिथं राहायची. त्यांचा स्वयंपाक आणि धुणं माझ्याकडे. नाव माझं फिद्दा, पण खलफची आई म्हणून सगळे मला उम्म खलफ म्हणतात. युसरा ही इर्बिद शहरातली पोरगी, सापडलेल्या वस्तूंची चित्रं काढायला आलेली. सकाळपासून माझ्या ओट्यावर बसून पानं वळत होती, आणि पानापेक्षा सारण जास्त खात होती.

कोठीच्या खोलीचं कुलूप उघडं, नुसतं कडीत लटकवलेलं होतं. फोडलेलं नव्हतं. आत टेबलावर तो काळा दगड तुकडे होऊन पडला होता.

एकोणीस दिवसांपूर्वी माझ्या भावानंच तो काढला होता. मुतलक, माझ्याहून चार वर्षांनी धाकटा, खोदकामाचा मुकादम. बावीस वर्षं प्रोफेसरांबरोबर. कुदळीच्या आवाजावरून खाली विटांची भिंत आहे की नुसती माती हे सांगायचा. टेकडीवरच्या जळक्या वेशीपाशी त्याला ती शिळा लागली. तिच्यावर जुन्या अक्षरांच्या तीन ओळी. प्रोफेसर गुडघ्यावर बसले आणि लहान मुलासारखे रडले.

त्यांचं रडणं मला कळत होतं. नदीपलीकडच्या यहुद्यांच्या पवित्र पुस्तकात आमच्या मुलखाची गोष्ट आहे. मेंढ्यांचा धनी असलेला मवाबचा, म्हणजे इकडचा, राजा मेशा, त्याच्यावर चालून आलेली तीन राजांची सैन्यं, त्यांनी शेतात टाकलेले धोंडे, बुजवलेल्या विहिरी. जेवताना प्रोफेसर ते मोठ्यानं वाचायचे आणि म्हणायचे, "हे त्यांचं म्हणणं झालं. इकडच्या लोकांचं म्हणणं कुठाय?" चाळीस वर्षांपूर्वी त्यांनी एक पुस्तक लिहिलं होतं. इकडचा राजा काय म्हणाला असेल, त्याच्या तीन ओळी त्यांनी त्यात त्या जुन्या लिपीतच अंदाजानं मांडल्या होत्या. 'त्यांनी बुजवलेल्या विहिरी मी उघडल्या,' असं काहीसं. आणि दगडावर तेच निघालं, शब्दाला शब्द. सगळ्या जगात तारा गेल्या. रविवारी अम्मानहून मोठ्या भिंगाचं यंत्र घेऊन माणसं तपासायला येणार होती.

आता शुक्रवारीच दगडाचे तुकडे झाले होते.

चार वाजायच्या आत मुतलकला पोलिसांनी नेलं. चाव्या दोनच होत्या, एक त्याच्या कमरेला आणि एक प्रोफेसरांच्या खोलीत खिळ्याला. तो नमाजला आला नव्हता, हे सगळ्या गावानं पाहिलेलं. आणि आदल्याच दिवशी सरकारी खात्याचे साहेब नकाशा घेऊन आले होते. एवढा मोठा शोध लागल्यावर टेकडीला कुंपण पडणार, आणि नकाशावरची लाल रेघ आमचं खळं आणि बापजाद्यांच्या कबरी आत घेऊन गेली होती. तेव्हा मुतलक साऱ्यांदेखत ओरडला होता, "माझ्या हातांनी काढलाय मी तो दगड! माझ्या हातांनी फोडीन!"

गाडीत बसताना मी त्याला विचारलं, "तू फोडलास?"

"नाही."

"मग दुपारी होतास कुठं?"

तो गप्प राहिला. माझा भाऊ गप्प राहतो तेव्हा काहीतरी गिळत असतो, हे मला तो पाळण्यात होता तेव्हापासून ठाऊक आहे.

२

शनिवारी सकाळी मादबा शहराहून अफाफबाई आल्या. फुटलेली मडकी आणि उखडलेल्या फरशा सांधण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. पंचावन्नच्या, एकट्या, ख्रिस्ती, दोऱ्यानं गळ्यात बांधलेला चष्मा आणि तोंडात सिगरेट. साहेबांनी त्यांना तीन दिवस दिले होते. कोर्टात दाखवायला दगडाचा फोटो लागणार, तेवढ्यापुरता तो जोडून ठेवायचा.

"लग्न का नाही केलंत?" मी आल्याआल्याच विचारलं. आमच्याकडे असलं विचारायला वेळ लावत नाहीत.

"मडकी बरी. फुटली की फुटल्याचा आवाज तरी करतात."

मी त्यांच्यापुढे कॉफी ठेवली आणि खालीच बसले. "बाई, आत बसलाय तो माझा भाऊ आहे."

त्यांनी चष्मा काढला. "मी दगड जोडायला आलेय, उम्म खलफ. माणसं जोडायला नाही."

"दगड कसा फुटला ते तर सांगाल?"

"ते दगडच सांगेल. मध्ये बडबड नको."

मी अंगणात धुणं काढलं. प्रोफेसर कालपासून तापानं पडून होते. त्यांनी करडी कांबळ धुवायला दिली होती. घामाचा वास येतो म्हणाले. ती मी टपात भिजवली, तुडवली, पिळली. पाणी ओतलं तेव्हा तळाशी बोटभर काळी वाळू राहिली. आमच्या गावची धूळ पांढरी असते, पिठासारखी. पण डोक्यात भाऊ होता. मी टप पालथा केला आणि विसरले.

संध्याकाळी अफाफबाईंनी मला कोठीत हाक मारली. तुकडे वाळूच्या परातीत एकमेकांना टेकवून उभे केले होते.

"मोज."

मी मोजले. अकरा.

"आता अक्षरं बघ. एक तरी दुखावलंय?"

मला ती लिपी कुठली कळायला! पण चरा, टवका, काहीच नव्हतं. ओळी जशाच्या तशा.

"घाव पाठीवर बसलाय. अक्षरांची बाजू खाली, आणि खाली काहीतरी मऊ घातलेलं होतं. ज्याला कुंपणाचा राग आला तो दगड उलटा करून मऊ अंथरुणावर निजवेल का, आणि मग मारेल का? तो तोंडावर घण घालेल." त्यांनी डाव्या खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथं तळहाताएवढी जागा रिकामी होती. "हा बारावा तुकडा कुठंच नाही. मी जमीन चाळून काढली."

"चोरला असेल. विकायला."

"विकायला राजाचं नाव नेतात. नाव इथंच आहे. त्या कोपऱ्यात एक अख्खं अक्षरसुद्धा नव्हतं, फोटोत बघ. तिथं सावली पडलीय, पण एवढं कळतं." त्या माझ्याकडे वळल्या. "सगळा खजिना टाकून ज्यानं रिकामी पिशवी नेली, त्याला त्या पिशवीची भीती होती."

३

डॉक्टर राकान हे अम्मानचे, जुन्या लिपीचे जाणकार. बूट रोज पॉलिश करणारा माणूस. प्रोफेसरांशी त्यांचं आठवडाभर वाजत होतं. शिलालेख छापायचा कुणाच्या नावानं, यावरून. गुरुवारी संध्याकाळी ते पिकअप घेऊन अम्मानला गेले आणि शुक्रवारी चारला परतले, असं त्यांनी पोलिसांना सांगितलं होतं. पण आमच्या एका धनगरानं भरदुपारी ती गाडी वळणावर पाहिली होती.

अफाफबाईंनी जेवणाच्या टेबलावरच काढलं. "डॉक्टर, शुक्रवारी बारा वाजता वळणावर काय करत होता?"

त्यांचा घास थांबला. "कोण म्हणतं?"

"मेंढ्या म्हणतात."

राकान लाल झाले. मग चमचा आपटून म्हणाले, "वर्तमानपत्रवाल्याला भेटलो. वळणावरच्या खानावळीत. फोटो दिले. माझ्या नावानं. झालं समाधान? म्हाताऱ्यानं चाळीस वर्षं सगळं एकट्यानंच खाल्लंय."

"खरं असेल. तुमचं नाव त्या दगडाला चिकटलं होतं. तो फुटला तर तुम्हीही फुटलात." बाईंनी भाकरीचा तुकडा मोडला. "लेख वाचताना काही खटकलं?"

"लेख स्वच्छ आहे. एक गंमत सोडली तर. शब्द संपला की ठिपका द्यायचा, अशी त्यांची रीत. इथं एक ठिपका शब्दाच्या मधोमध आलाय. राजाचा पाथरवट! शेवटी सरकारी नोकरच तो." ते स्वतःच हसले.

अफाफबाई हसल्या नाहीत. त्यांनी युसराकडे पाहिलं. "आणि तुझं चित्र, पोरी?"

युसराचा चेहरा रडवेला झाला. "पक्कं चित्र दगडाशेजारीच ठेवलं होतं. तेही गेलं. मी घाबरून कुणाला सांगितलं नाही. पण पेन्सिलचं कच्चं आहे माझ्या बॅगेत."

कच्चं चित्र बाईंनी खिडकीशी नेलं आणि बराच वेळ पाहिलं. मग मला जवळ बोलावलं. कोपऱ्यात युसरानं बारीक टिंबांनी एक टवका दाखवला होता.

"इथं टिंबं का दिलीस?"

"दगड तिथं पूर्वीच फुटलेला होता. आणि त्या फुटक्या जागेवर पांढरी खपली होती, चुन्याची. ती टिंबांनी दाखवतात."

"आणि ही रेघ?"

"वरच्या अक्षराची शेपटी. लांब आलीय, टवक्यातून खाली. पांढऱ्यात काळी रेघ दिसत होती, म्हणून काढली. दिसतं तेच काढायचं, असंच शिकवतात ना?"

बाईंनी सिगरेट विझवली.

"उम्म खलफ, पाणी झिरपून दगडावर चुन्याची खपली धरायला किती वर्षं लागतात ठाऊक आहे? शेकडो. हजारो. आधी दगडाचा टवका उडाला. मग त्यावर खपली धरली. आणि त्यानंतर कुणीतरी त्या खपलीवरून छिन्नी ओढली." त्या खाली बसल्या. "या दगडावरची अक्षरं कुठल्याही राजाची नाहीत. ती परवाची आहेत."

४

रविवारी सकाळी मी प्रोफेसरांसाठी पुदिन्याचा चहा नेला. अफाफबाई माझ्यामागून आत आल्या आणि त्यांनी दार लोटलं.

प्रोफेसर कॉटवर चादर घेऊन बसले होते. दोन दिवसांत म्हातारे झाले होते.

"तुमची कांबळ कुठाय?" बाईंनी विचारलं.

"धुवायला दिली."

मला तेव्हा तो टप आठवला. मी न राहवून म्हणाले, "काळी वाळू निघाली होती हो त्यातून. बोटभर."

प्रोफेसरांनी कप खाली ठेवला, बशीत चहा सांडला.

"मी सांगते, चुकले तर थांबवा," अफाफबाई म्हणाल्या. "शुक्रवारी घरात तुम्ही एकटे. चावी खिळ्याला. कांबळ टेबलावर अंथरली, दगड उलटा केला. मारलंत पाठीवर, कारण तोंडावर मारायला तुमचा हात झाला नाही. कोपरा आणि चित्र घेतलंत. बाकी सगळं टाकून दिलंत, कारण दोष त्या कोपऱ्यातच उघडा दिसत होता. उरलेले तुकडे कुणी तपासले नसते. मेलेल्याची कुणी झडती घेत नाही, रडून मोकळे होतात."

ते उठले. दाढीच्या सामानाच्या पिशवीतून मोज्यात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि बाईंच्या हातात दिलं. काळा तुकडा, त्यावर पांढरी खपली, तिच्यातून गेलेली काळी रेघ.

"फेकला का नाहीत?"

"उभ्या आयुष्यात मी एक खापरी फेकलेली नाही." प्रोफेसर अरबी छान बोलायचे, पण त्या दिवशी शब्द सापडत नव्हते. "गुरुवारी भिंगातून पाहिलं. सकाळपर्यंत पाहत बसलो. अफाफ, त्या ओळी माझ्या आहेत. माझ्या पुस्तकातल्या. रविवारी यंत्रवाल्यांनी काय म्हटलं असतं? म्हाताऱ्यानं स्वतःचा अंदाज स्वतःच कोरला. कोण विश्वास ठेवणार मी नाही कोरला म्हणून?"

"मी ठेवते," बाई म्हणाल्या. "ज्याला ती लिपी येते, तो शब्दाच्या पोटात ठिपका देणार नाही. तुम्ही देणार नाही, राकान देणार नाही. हे कोरलंय वाचता न येणाऱ्यानं. पाहून पाहून."

मला राहवलं नाही. "आणि माझा भाऊ? तो आत आहे, आणि तुम्ही इथं चहा पिताय?"

प्रोफेसरांनी खिडकीकडे तोंड वळवलं. "मी कुणाचं नाव घेतलं नाही. पोलिसांनी चावीचं विचारलं. मी लिहून दिलं की दुसरी चावी मुतलककडे असते. ते खरंच आहे."

"सही केलीत?"

"केली."

बावीस वर्षं माझ्या हातचं खाल्लं होतं त्या माणसानं. मी तो कप उचलला आणि त्यांच्या पायाशी ओतला.

५

मी तणतणत स्वयंपाकघरात आले. अफाफबाई प्रोफेसरांचं ते चाळीस वर्षांपूर्वीचं पुस्तक घेऊन मागोमाग आल्या. ते कायम जेवणाच्या टेबलावर पडलेलं असायचं. त्यांनी तीन ओळींचं पान उघडलं आणि युसराचं चित्र शेजारी धरलं.

"सगळं जुळतं. फक्त तो मधला ठिपका पुस्तकात छापलेला... थांब. आहे. इथंही आहे. पण हा छापील नाही. डाग आहे."

मी वाकून पाहिलं. पिवळट कडेचा तपकिरी ठिपका. मी पानाला नाक लावलं. वास गेला होता, पण मला वासाची गरज नव्हती. गेल्या उन्हाळ्यात शेवटच्या रात्रीच्या जेवणाला मी भातावर कढतं तूप घालत होते आणि ते डावातून उडालं होतं. पान पुसलं तेव्हा एक थेंब राहिला होता. प्रोफेसर म्हणाले होते, असू दे, उम्म खलफ, राजाला तुझं तूप आवडलं.

"म्हणजे याच प्रतीवरून पाहून कोरलंय. हे पुस्तक हिवाळ्यात कुठं होतं?" बाईंनी विचारलं.

पुस्तक इथंच असतं, आणि घर हिवाळ्यात बंद. राखणदार एकच. मुकादम.

आणि मग मला आपोआप दुसरं आठवलं, नको असताना. त्या हिवाळ्यात मुतलकच्या अंगणातून येणारा आवाज. टक, टक, टक. कितीतरी दिवस. मी भिंतीवरून विचारलं होतं, काय चाललंय रे? तो म्हणाला होता, तुझं जातं गुळगुळीत झालंय, त्याला टाकी लावतोय. आणि खरंच टाकी लावून दिली होती त्यानं मला. पण त्याला एक दिवस लागतो.

मी उगाचच ओटा पुसायला घेतला.

"तुला कळलंय," अफाफबाई हळू म्हणाल्या.

"काही कळलं नाही."

"उम्म खलफ. माझं बोलणं ऐक. दगड खरा असेल तर तो फोडला म्हणून तुझा भाऊ काही वर्षं आत राहील, न केलेल्या गुन्ह्यासाठी. त्याला सोडवायचं तर प्रोफेसरांनी तो का फोडला ते सांगावं लागेल, म्हणजे दगड खोटा हे सांगावं लागेल. आणि दगड खोटा म्हटलं की पुढचा प्रश्न एकच, कोरला कुणी?" त्यांनी पुस्तक मिटलं. "मी उद्या अहवाल देणार. त्याआधी त्याला भेटून ये."

६

तालुक्याच्या ठाण्यात त्याला जाळीपलीकडे आणलं. दाढी वाढली होती. मी डबा सरकवला. त्यानं उघडला नाही.

"मुतलक, जात्याला टाकी लावायला किती दिवस लागतात?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग नजर खाली नेली. सगळं त्यात आलं.

"का रे? का केलंस असं?"

"खोदकाम बंद करणार होते, फिद्दा. गेल्या वर्षी शेवटच्या दिवशी प्रोफेसर रडले. आपण ती बुजवलेली विहीर काढली, आठवतंय? चौदा हात खोल, काठोकाठ शेतातल्या धोंड्यांनी भरलेली, खाली एकही आपोआप पडलेला नाही, सगळे टाकलेले. मी एकेक धोंडा वर घेतला. पवित्र पुस्तकातलंच निघालं. पण खोदकामाला पैसे देणारे त्यांचे परदेशातले लोक म्हणाले, विहिरी काय, सगळीकडे असतात. अक्षरं दाखवा, नाव दाखवा, नाहीतर बास. बावीस वर्षं, आणि बास." तो जाळीला टेकला. "मला वाटलं, राजा काय बोलला असेल ते त्यांनी लिहूनच ठेवलंय. नुसता दगड कमी आहे. दगड आपल्या खळ्यात होता, जुनाच, वेशीतलाच असावा."

"वाचता येत नाही तुला आणि राजाचा लेख कोरायला बसलास!"

"हात चांगला आहे माझा." त्यात जुना अभिमान होता, आणि तोच ऐकून मला रडू आलं. "एका जागी छिन्नी घसरली. तेवढंच."

"आणि शुक्रवारी कुठं होतास?"

"कबरींपाशी. बापाला काय सांगू ते ठरत नव्हतं. माझ्याच दगडामुळे त्याच्यावरून कुंपण जाणार होतं."

मग त्यानं विचारलं, "अक्षरं शाबूत आहेत ना? शिपाई म्हणाला, एक अक्षर दुखावलं नाही. तेव्हाच मला कळलं कुणी फोडला. म्हातारा माझं पाप झाकतोय असं वाटलं. म्हणून बोललो नाही. त्यांची बेअब्रू नको."

"त्यांनी चावीचा कागद लिहून दिलाय. तुझ्या नावाचा. खाली सही आहे."

त्याला ते कळायला वेळ लागला. शिपाई दोनदा म्हणाला, चला, वेळ झाली. मुतलकनं डबा माझ्याकडे परत सरकवला.

"अफाफबाईंना सांग, दगड खराच आहे म्हणू देत. मी फोडला म्हणतो."

"वेडा झालास? वर्षं काढशील आत!"

"काढीन. फोडणारा म्हणून काढीन. पण दगड खोटा म्हटलं की वेस खोटी, विहीर खोटी, मी काढलेली एकूण एक भिंत खोटी. मग माझ्या हाताखालच्या मातीवर कोण विश्वास ठेवील? सांग मला. तू माझी बहीण असशील तर गप्प राहशील."

मी बहीण होते म्हणूनच गप्प राहिले नाही. परत येऊन मी अफाफबाईंना जात्याचं सांगितलं, तुपाचं सांगितलं, सगळं सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं आणि एकदाही मला शाबासकी दिली नाही. त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे.

मुतलक म्हणाला होता तसंच झालं. खोटा दगड फोडणं हा गुन्हा नाही, त्यामुळे त्याच्यावरचं कलम गळालं. त्यानं काही विकलं नव्हतं, तेव्हा दुसरं कलम कुणाला सापडेना. शोधण्यात चाळीस दिवस गेले. तेवढ्यात परवाना रद्द झाला. प्रोफेसर तब्येतीच्या कारणानं मायदेशी गेले, आणि तिकडच्या एका मासिकात त्यांनी चार ओळी छापल्या. स्थानिक मजुरानं फसवणूक केली, आपण वेळीच ओळखलं, अशा. राकाननी त्या मला वाचून दाखवल्या आणि प्रथमच बूट न पुसता निघून गेले. त्या बुजवलेल्या विहिरीवर प्रोफेसरांच्या एका मदतनिसानं लिहिलेला निबंध परत आला. त्या जागेवरचं काहीही आम्ही विचारात घेत नाही, असं पत्र सोबत होतं. बुलडोझर आला आणि वेशीवर माती लोटून गेला. कुंपण मात्र पडलं नाही. कशाला पडेल?

गावात माझ्याकडे कुणी पाहीना. तीस घरांतली माणसं टेकडीवर कामाला होती. विहिरीवर बायका घागर भरून होईपर्यंत गप्प बसायच्या, आणि मी वळले की बोलायच्या. एक म्हातारी तोंडावर म्हणाली, "भावाला सोडवलंस आणि गावाला पुरलंस." मी म्हटलं, "न केल्याची शिक्षा त्यानं भोगायला हवी होती का?" ती म्हणाली, "केल्याची कोण भोगतंय?" मी घागर उचलली.

चाळिसाव्या दिवशी मी त्याला आणायला गेले. नवा कारकून होता, कोवळा, कानावर पेन खोचलेला. सुटकेचा फॉर्म भरायचा होता. नाव, बापाचं नाव, गाव, मुतलक उभ्यानं सांगत गेला.

"धंदा?"

मुतलकच्या आधी मीच म्हणाले, "मुकादम. खोदकामावरचा मुकादम. बावीस वर्षं."

कारकून लिहायला लागला. माझ्या भावानं टेबलावरून हात पुढे केला आणि त्या कागदावर पालथा ठेवला.

"ती तिचं सांगतेय," तो म्हणाला. "मजूर लिहा."

कारकुनानं खोडलं आणि लिहिलं. मुतलकनं अंगठा उठवला. त्याला सही येत होती, प्रोफेसरांनीच शिकवली होती, तरी त्यानं अंगठाच उठवला. बाहेर आल्यावर मी बसच्या दिशेनं चालू लागले. बऱ्याच वेळानं मागं वळून पाहिलं, तर तो रस्त्याच्या दुसऱ्या बाजूनं येत होता.